खिचडीनंतर घरी जाणारी मुलं

शाळेच्या हजेरीपटात मूल एक तर हजर असतं, नाही तर गैरहजर. तिसरा प्रकार कागदावर नाही, पण कुठल्याही मुख्याध्यापकांना एकांतात विचारा, ते सांगतील. हे मूल साडेदहाला येतं, प्रार्थनेला उभं राहतं, हजेरी लागते, दुपारी खिचडी खातं. पोषण आहाराच्या नोंदीत त्याचं ताटही मोजलं जातं. मग वर्गात काहीतरी होतं, ऑफिसातून फोन जातो आणि दोनच्या सुमारास त्याची आई फाटकाशी येऊन उभी राहते. वर्षाअखेर त्याची उपस्थिती चांगली भरते. त्यातली शाळा किती वाट्याला आली हे कोणी मोजत नाही, कारण मोजायला रकानाच नाही.

मी विशेष शिक्षिका आहे. नागपूर जिल्ह्यात हिंगणा आणि कामठी या दोन बाजूंच्या शाळा फिरते. बॅगेत चित्रकार्डं, स्टॉपवॉच, कात्री, सेलोटेप आणि कोऱ्या वह्या असतात. मुख्याध्यापकांकडून मला हमखास एक विनंती येते, आणि ती नेहमी उशिरा येते: ‘मॅडम, ह्याचं बिहेवियर असेसमेंट करून द्या ना.’ तोवर दोन पालकांनी लेखी तक्रार दिलेली असते, शाळा व्यवस्थापन समितीत विषय निघालेला असतो, आणि मुलाला विशेष शाळेत पाठवायचं हे सगळ्यांनी मनातून ठरवलेलं असतं. फक्त कागद हवा असतो. माझं म्हणणं असं की मूल्यमापनाचा विचार पहिला फोन जातो त्या दिवशीच सुरू व्हायला हवा, आणि तो करायचा की नाही हे कोणाच्या सहनशक्तीवर सोडता कामा नये.

आधी हे मूल्यमापन म्हणजे काय ते सांगते, कारण पालकांचा इथेच घोळ होतो आणि त्यात त्यांचा दोष नाही. नागपूरच्या मेडिकल नाही तर मेयो रुग्णालयात चकरा मारून त्यांनी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलेलं असतं, युडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र आलेलं असतं. ‘असेसमेंट तर झाली जी, मॅडम,’ म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीतून ती फाइल काढतात. त्या फाइलमध्ये टक्के असतात. चाळीस किंवा त्याहून जास्त असले की सवलती मिळतात. ऑटिझम असेल तर ४० प्रश्नांच्या ‘इसा’ मापनश्रेणीवरचे गुण असतात आणि ७० च्या पुढे सौम्य, मध्यम, तीव्र अशी वर्गवारी असते. पण मुलगा गणिताच्या तासाला शांत का बसतो आणि मराठीच्या तासाला शेजारच्याला का बुकलतो, याचं उत्तर त्यात कुठेच नसतं. ते शोधणं हे त्या फाइलचं कामही नाही.

आमच्याकडे वर्तनासाठी स्वतंत्र साधन आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी ‘बेसिक-एमआर’ ही श्रेणी तयार केली. तिच्या पहिल्या भागात २८० कौशल्यं आहेत. दुसऱ्या भागात समस्या-वर्तनाची ७५ कलमं आहेत, दहा गटांत: मारामारी-मोडतोड, आकांडतांडव, स्वतःला इजा करणं, तेच तेच करत राहणं, भीती वगैरे. प्रत्येक कलमापुढे कधीच नाही, कधीकधी, वारंवार अशी खूण करायची. साधन चांगलं आहे, आजही उपयोगी पडतं. मात्र ते काय होतं आणि किती होतं एवढंच सांगतं. ताप मोजला म्हणून मलेरिया की डेंग्यू हे कळत नाही, तसंच. कारण शोधायला वर्गात बसावं लागतं, आणि फोन करून मुलाला घरी पाठवणाऱ्या शाळांत नेमकं तेवढंच कोणी केलेलं नसतं.

हिंगण्याकडच्या एका शाळेतला मुलगा सांगते. तिसरीत, नऊ वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलतो. वडील एमआयडीसीत, आई धुणीभांडी करते. तक्रार अशी की मारतो, कंपास फेकतो, पळून जातो. एका मुलीच्या गालाला कंपासचं टोक लागलं होतं, म्हणजे तक्रार खोटी नव्हती. आठवड्यातून तीन-चारदा आईला फोन. ‘मी कामाले गेली की फोन येते,’ ती म्हणाली, ‘दोन घरचं काम सुटलं माझं.’

मागच्या बाकावर बसून मी वहीत तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, लगेच नंतर काय झालं. परिपाठात तो नीट होता. बाटलीची झाकणं मोजण्यात तर वर्गातल्या दोघा-तिघांच्या पुढे होता. गुरुजी फळ्याकडे वळले, चार ओळी लिहिल्या, ‘उतरवून घ्या’ म्हणाले आणि तो बदलला. आधी कोऱ्या पानावर बोट घासत राहिला. मग शेजारच्याचं कंपास ढकललं. कोणी पाहिलं नाही. मग पाठीत बुक्की. गुरुजींनी त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि तिथे तो शांतपणे पायातली चप्पल काढून तिचे पट्टे मोजत बसला. पुढच्या खेपेलाही असंच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. डोळे तपासलेले होते, चष्म्याचा प्रश्न नव्हता. अक्षरं त्याला येतच नव्हती. फळ्यावरच्या चार ओळी म्हणजे चाळीसेक अनोळखी चित्रं, तीही दुरून पाहून काढायची, सगळ्यांच्या वेगानं. बुक्की मारली की त्यातून सुटका होत होती. आधी व्हरांडा, नंतर घर.

आता यात फोनचं काम काय ते पाहा. शाळेला वाटत होतं की घरी पाठवणं ही शिक्षा आहे. मुलाच्या बाजूनं ते बक्षीस होतं, आणि आम्ही मोठी माणसं ते त्याला न चुकता देत होतो. ज्या वर्तनासाठी घरी पाठवायचं, तेच वर्तन घरी पाठवल्यानं पक्कं होत होतं. हा काही माझा शोध नाही. एडवर्ड कार यांनी १९७७ मध्ये मुलं स्वतःला इजा का करतात याची वेगवेगळी कारणं मांडली होती: कोणाचं लक्ष हवं असतं, काही टाळायचं असतं, किंवा ती संवेदनाच हवीशी असते. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी ती कारणं प्रत्यक्ष तपासून वेगळी काढण्याची पद्धत दिली. १९८५ मध्ये कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं की मूल जे मारून मागतंय तेच मागायचा दुसरा, साधा मार्ग शिकवला तर मारणं कमी होतं. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला.

त्या मुलाला आम्ही एक कार्ड दिलं, त्यावर उघड्या पंज्याचं चित्र. ते बाकावर ठेवलं की काम थांबवून कुंड्यांना पाणी घालून यायचं. फळ्यावरच्या ओळींऐवजी वहीशेजारी दोनच शब्द, ठळक, गिरवायला. पहिला आठवडा वाईट गेला. मारूनही घरी जायला मिळेना म्हणून त्यानं जास्त मारलं. असं होणार हे मी गुरुजींना आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ते त्यांनी निभावलं याचं श्रेय पूर्ण त्यांचं. पहिल्या चार दिवसांतच ‘तुमचा उपाय उलटला’ म्हणून सोडून देणारे मी पुष्कळ पाहिलेत. दिवाळीनंतर बुक्क्या क्वचितच्या झाल्या. रांगेत धक्काबुक्की अजून करतो. रांगेत सगळेच करतात.

आता नियमाचं. अमेरिकेच्या अपंग शिक्षण कायद्यात १९९७ च्या दुरुस्तीनं वर्तनाच्या मूल्यमापनाची तरतूद आली. तिथे मुलाला शिस्तभंगासाठी दहापेक्षा जास्त शालेय दिवस शाळेबाहेर ठेवायचं ठरलं, तर ते वर्तन त्याच्या दिव्यांगत्वातून आलं का हे दहा शालेय दिवसांच्या आत ठरवावं लागतं. तसं असेल तर मूल्यमापन आणि त्यावर आधारलेली योजना बंधनकारक. आमच्याकडे परिसंवादांत हा नियम आदर्श म्हणून सांगितला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. दहा दिवस मूल बाहेर जाईपर्यंत थांबायचं, म्हणजे वर्तन पक्कं होऊ द्यायचं आणि मग त्याचं कारण शोधायचं. शिवाय ते दहा दिवस तेव्हाच मोजले जातात जेव्हा शाळा निलंबन लेखी करते. तोंडी ‘आज घेऊन जा’ तिथेही चालतं, इतकं की जुलै २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण विभागाला मार्गदर्शक सूचना काढून सांगावं लागलं की अशी अनौपचारिक पाठवणीसुद्धा मोजा.

आमच्याकडे तर पाठवणी सगळीच अनौपचारिक, आणि त्याचं कारण आमच्या चांगल्या कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी कायम आहे. कलम १७ नं मारायला आणि मानसिक छळाला मनाई केली. दोन्ही योग्यच. त्यामुळे कोणी काढत नाही, कोणी निलंबित करत नाही. ‘जरा घेऊन जा’ म्हणतात. निलंबनाचा आदेश असता तर त्याविरुद्ध दाद मागता आली असती. फोन कॉलविरुद्ध कुठे दाद मागणार?

म्हणून माझी पहिली मागणी मूल्यमापनाची नाहीच, रकान्याची आहे. हजेरीपटात हजर-गैरहजरशेजारी ‘वेळेआधी घरी’, आणि त्यात वेळ. यासाठी नवीन कायदा लागत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर देखरेख ठेवणं हे शाळेचं काम म्हणून लिहिलेलं आहे. दुपारी दोनला घरी गेलेल्या मुलाला दिवसभर हजर दाखवणं म्हणजे सहभागावर देखरेख नव्हे.

रकाना झाला की उंबरठा ठरवता येतो. माझा असा: एका महिन्यात एकाच कारणासाठी तीनदा ‘वेळेआधी घरी’ लागलं, तर विशेष शिक्षकाला कळवायचं आणि मूल्यमापन सुरू करायचं. तीनच का? एकदा कोणाचाही दिवस खराब जातो. दुसऱ्यांदा योगायोग म्हणू. तिसऱ्यांदा मुलाला मार्ग सापडलेला असतो. दोन गोष्टींत मात्र तीनचीही वाट पाहायची नाही. एक, मूल स्वतःला इजा करत असेल: डोकं आपटणं, हात चावणं, डोळ्यांत बोटं घालणं. दोन, कोणा मोठ्या माणसाला त्याला जबरदस्तीनं धरून ठेवावं लागलं. एका शाळेत मी मुलीला ओढणीनं बाकाला बांधलेलं पाहिलंय. बांधणाऱ्या मदतनीस बाई वाईट नव्हत्या. त्या घाबरलेल्या होत्या, रस्ता शाळेच्या फाटकाला लागून होता आणि मुलगी रोज रस्त्याकडे धावायची. अशा ठिकाणी त्याच दिवशी लेखी नोंद आणि त्याच आठवड्यात मूल्यमापन, असाच नियम हवा. गाठ सोडायला सांगितलं आणि दुसरं काही दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ बसते.

आता दुसरी बाजू. हल्ली काही खाजगी शाळांत पाहते, पहिलीतलं मूल बाकाखाली शिरलं की लगेच रिपोर्ट मागतात. प्रत्येक गोष्टीची फाइल करायची नाही. आमच्याकडे कॅलेंडर पाहिल्याशिवाय मी कुठल्याही वहीला हात लावत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. इतक्या मोठ्या सुट्टीनंतरचे पहिले पंधरा दिवस कोणाचंच वर्तन मोजण्यासारखं नसतं. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते, झोपेचं आणि जेवणाचं वेळापत्रक उलटतं, ऑटिझम असलेलं मूल त्यानं आठवडाभर अस्वस्थ राहतं. आणि तान्हा पोळा. काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक गोंगाटात निघते त्या दिवसांत नागपूरच्या महाल-इतवारीकडची आवाजाला घाबरणारी मुलं कानांवर हात ठेवून फिरत असतात. एका वर्षी त्या आठवड्यातल्या ओरडण्यावरून एका मुलाला ‘आक्रमक’ ठरवणारं पत्र शाळेनं माझ्या हातात दिलं. मी पत्रावरची तारीख दाखवली आणि पंधरवड्यानं या म्हटलं. पंधरवड्यानं कोणी आलं नाही, कारण तोवर तो शांत झाला होता.

त्याआधीही शरीर तपासायचं. बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं बहुतेक वेळा वर्तनातूनच दिसतं. गालावर चापट्या मारून घेणारी एक मुलगी होती. वर्गात, घरी, झोपेतसुद्धा. तीन रकान्यांत कुठलाच धागा सापडेना. फळा असो, खेळ असो, खिचडी असो, चापट्या सारख्याच. वर्तनाला जागा-वेळ-प्रसंग काहीच फरक पडत नसेल तेव्हा आधी डॉक्टर. शासकीय दंत महाविद्यालयात नेलं, दाढ आतून किडली होती. दाढ काढली, चापट्या थांबल्या, माझी वही बंद. कान, बद्धकोष्ठता, जंत, झोप हेही त्याच यादीत. आणि फिटची गोळी. लेव्हेटिरासिटाम या औषधानं काही मुलांत चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, शिक्षकांना नसतं. ‘औषध कधी बदललं?’ हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही, डॉक्टरांनाच विचारायचं.

मूल्यमापनाआधी शिक्षकानं स्वतः करण्यासारखं आणखी थोडं असतं: जागा बदलणं, पंख्याच्या कर्कश आवाजापासून दूर बसवणं, काम तोडून देणं, दिवसाचा क्रम चित्रांत लावणं. दोन आठवडे हे मनापासून करून पाहिलं आणि वर्तन तसंच राहिलं, तर मग माझं काम सुरू. इथे ‘मनापासून’ हा शब्द मी मुद्दाम घातलाय. ‘सगळं करून पाहिलं मॅडम’ म्हणणाऱ्या शाळेत मी काय काय केलं ते लिहून मागते, तेव्हा बहुधा ‘समजावून सांगितले’ एवढीच ओळ येते.

माझा सगळा मुद्दा फोनभोवती फिरतो, हे मला दिसतंय, आणि त्यात एक भोक आहे. ज्याच्यासाठी फोनच जात नाही त्या मुलाचं काय? माझ्याकडे येणाऱ्या नावांत मुलगेच जास्त असतात, कारण ते बाकं पाडतात. कामठीकडच्या एका शाळेत पाचवीतली एक मुलगी होती. तिच्याबद्दल कोणाची कधीच तक्रार नव्हती. ‘फार गुणाची आहे, त्रास नाही.’ मी तिथे दुसऱ्याच मुलासाठी गेले होते. ती खिडकीशी बसून भुवईचे केस एकेक करून उपटत होती. डावी भुवई जवळजवळ संपली होती. दिवसभरात तिनं वहीत तारीख लिहिली होती, बाकी काही नाही. सहा तास ती वर्गात होती आणि शाळेच्या बाहेरच होती. हजेरीपटातला कुठलाही रकाना तिला पकडणार नाही. तिच्यासारख्यांसाठी उंबरठा वेगळा लागतो: दोन महिने वहीत आणि बोलण्यात काहीच हललं नाही, तर तेही वर्तन समजून तपासायचं. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप शिक्षकांच्या हातात आहे. मूल दिव्यांग असावं का याची पहिली चाळणी त्यात होते. पण एकदा दिव्यांग म्हणून नोंद झाली की मग मूल त्या वर्गात काय करतं, याची चाळणी पुन्हा कोणी लावत नाही.

शिक्षकांचा आक्षेप मला तोंडपाठ आहे आणि तो मला पटतोही. वर्गात चाळीस मुलं, दोन इयत्ता एकत्र, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं. ‘तीन रकाने कोण भरणार?’ शिवाय बाकीच्या मुलांचेही पालक आहेत. जिच्या गालाला कंपास लागला तिच्या वडिलांना मी कार-ड्युरँड सांगत बसू का? नाही सांगितलं. त्यांना सांगितलं की आजपासून त्याच्या हातात टोकदार वस्तू राहणार नाही, तुमची मुलगी दुसऱ्या रांगेत बसेल आणि दोन आठवड्यांनी मी स्वतः तुम्हाला भेटेन. मूल्यमापन चालू आहे म्हणून बाकीच्यांनी मार खात राहायचं, असं कोणीच म्हणत नाही. आणि रकान्यांबद्दल म्हणाल तर वर्गशिक्षकानं दिवसभर लिहीत बसायची गरज नसते. प्रसंग घडला की एक ओळ, तीही मोबाइलवर बोलून मला पाठवली तरी चालते. बसून पाहण्याचं काम विशेष शिक्षकाचं आहे.

तो विशेष शिक्षक मुळात आहे का, हा खरा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं रजनीश कुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्राला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि २०२२ मध्ये केंद्रानं प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. माझ्या यादीतली मुलं मोजली तर मी एकटी कित्येकांचं काम करते, आणि माझ्यासारख्या अनेकांनी ते वर्षानुवर्षं कंत्राटावर केलंय. एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचणारी बाई बुक्की नेमकी कधी बसते हे कसं पाहणार? म्हणूनच उंबरठा हवा. माणसं कमी असताना कोणाकडे आधी जायचं हे ठरवायला नियम लागतो. तो नसला की जो मुख्याध्यापक जास्त वेळा फोन करतो त्याच्या शाळेत आधी जावं लागतं, आणि भुवई उपटणारी मुलगी राहून जाते.

आणखी एक गाठ प्रशासनाची. साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. मूल साध्या शाळेतून विशेष शाळेत जातं तेव्हा सोबत दाखला जातो, प्रमाणपत्र जातं. कोणत्या तासाला, कशामुळे, काय केल्यावर शांत व्हायचं, हे काही जात नाही. नव्या शाळेतल्या बाई पहिल्या दिवसापासून तेच सगळं नव्यानं भोगतात. विशेष शाळेत पाठवण्याला माझा सरसकट विरोध नाही. काही मुलं तिथे खरोखर फुलतात. पण मूल्यमापन न करता पाठवणं म्हणजे फोनचाच मोठा प्रकार झाला. उतरवून घ्यायचा तास टाळण्यासाठी मारणारा मुलगा विशेष शाळेतही न जमणारं काम समोर आलं की मारणारच. म्हणून शाळा बदलण्याच्या प्रस्तावासोबत वर्तनाचं लेखी मूल्यमापन आणि निदान सहा आठवडे राबवलेली योजना जोडलेली असल्याशिवाय तो प्रस्ताव पुढे सरकू नये.

पालकांची भीतीही खरी आहे. ‘त्याच्या नावावर कागद होईल, मॅडम. उद्या कोणतीच शाळा घेणार नाही.’ यावर माझा एकच आग्रह असतो: कागद पालकांच्या समोर लिहायचा, त्यांच्या सहीनं सुरू करायचा, त्याची एक प्रत त्यांच्याकडे राहायची आणि त्यात मुलाचं वर्णन विशेषणांनी करायचं नाही. ‘हट्टी’, ‘आक्रमक’, ‘ऐकत नाही’ असं लिहायचं नाही. ‘फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितल्यावर दोन-तीन मिनिटांत शेजारच्याला मारतो, गिरवायला दोन शब्द दिल्यास मारत नाही’ असं लिहायचं. असा कागद वाचून कोणती शाळा घाबरेल?

आमच्याकडे दर महिन्याला केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक एका छताखाली असतात, चहा-पोहे होतात, बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. त्या दिवशी प्रत्येक शाळेनं ‘वेळेआधी घरी’चा महिन्याचा आकडा केंद्रप्रमुखांपुढे ठेवायचा आणि तीन किंवा त्याहून जास्त झालेली नावं तिथल्या तिथे विशेष शिक्षकाच्या वहीत यायची. शिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्रानं हे येत्या सत्रापासून नागपूर जिल्ह्यात सुरू होऊ शकतं. रकाना छापून येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. हजेरीपटाच्या उजव्या समासात पेन्सिलनं रेघ मारली तरी भागतं. माझ्या दोन शाळांनी तसं केलंय, आणि त्यातल्या एका मुख्याध्यापकांचा परवाच फोन आला. या वेळी आईला करण्याआधी त्यांनी मला केला होता.